चर्चचा हॉल म्हणजे धर्मशाळा आहे का?

जेलरोडकर (मूळ पोस्ट): आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आठवडाभर नऊ बिहारी पोरं मुक्कामाला आहेत. अंबडच्या ठेकेदाराने खोलीतून काढलं म्हणे. रविवारी संडे स्कूलची मुलं व्हरांड्यात बसली. चर्च म्हणजे धर्मशाळा नव्हे. आधी आपल्या माणसांचं बघा.

शरणपूरवाला: दोनदा वाचलं, राहवलं नाही. नाशिकमध्ये राहून हे लिहिता? गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आपल्या शरणपुरात, नाशिकमधल्या मिशनऱ्यांच्या वसाहतीत राहिली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यातलाच. 1873 मध्ये मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि 1874 मध्ये दफनासाठी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत सोबत गेला. नावातच 'शरण' आहे हो! बायबलमधला मत्तय 25, 'मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलं' सांगणारा अध्याय, काय नुसता पाठांतर स्पर्धेसाठी आहे?

गोदाकाठ: शरणपूरचे गोडवे पुरे. 'जेकब वेनराइट' हे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलं होतं का? लिव्हिंग्स्टननी इथून मुलं मोहिमेवर नेली. 1875 मध्ये आफ्रिकेत मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसवलं, तेव्हाही इथलेच लोक पाठवले. हा पाहुणचार की भरती?

शरणपूरवाला: नाव बदललं हे चुकलं, मान्य. पण जहाजाच्या तळातून काढलेल्या पोराला आधी छप्पर लागतं. हिशेब नंतर मांडा.

गोदाकाठ: हिशेब नंतर म्हणणाऱ्यांनी तो कधीच मांडला नाही. ज्याला घरात घेतलं त्याला त्याच्या नावाने हाक मारा, एवढंच म्हणतोय. त्या नऊ जणांची नावं तरी विचारलीत का कोणी?

जेलरोडकर: विषय माझ्या हॉलचा होता, तो आफ्रिकेत नेऊन ठेवलात. मी एकदा परप्रांतीयांना खोली दिली. तीन महिन्यांचं भाडं बुडवून रातोरात गेले. तो अनुभव तुमच्या इतिहासाने पुसला जात नाही.

नाशिकरोडची काकू: माझ्याकडे मराठी भाडेकरूने बुडवलंय. मग मराठी माणसांना हाकलू? आणि हॉल झाडतं कोण, ते एकानेही विचारलं नाही. आम्ही महिला मंडळाच्या बायका! तरी मी उघडाच ठेवा म्हणते. लॉकडाऊनमध्ये 1 मे 2020 ला नाशिकरोडहून भोपाळला मजुरांची श्रमिक गाडी सुटली, पण हायवेवरून चालणारे संपले नव्हते. पाथर्डी फाट्याजवळ आम्ही भाकऱ्या वाटत होतो. एका बाईची चप्पल सुतळीने बांधलेली. भाकरी घेतली, पदरात बांधली, खाईना. म्हणाली, मागून नवरा येतोय. तासभर थांबली हो ती, उन्हात. तेव्हापासून परप्रांतीय शब्द माझ्या तोंडात येत नाही.

गोदाकाठ: काकू, तुमच्याशी भांडण नाही. जेलरोडकर, 'आपली माणसं' म्हणता ना? आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरीत येतात, उघड्यावर झोपतात. त्यांच्यासाठी कधी हॉल उघडलात?

जेलरोडकर: नाही उघडला. ते बरोबर बोललात, झोंबलं. पण संडे स्कूल हॉलमध्येच भरलं पाहिजे, यावर मी ठाम आहे. रविवारी आठ वाजता वळकट्या उचलून व्हरांड्यात ठेवा, दुपारी परत लावा. पाळकसाहेबांना तसं सांगतो.

नाशिकरोडची काकू: मग झाडायलाही या. केरसुणी दाराच्या मागे आहे.