प्रतिसाद: दोराबजींनी काय मागे ठेवलं

वर एका प्रतिसादात म्हटलंय की घराण्यांचे ट्रस्ट म्हणजे कर वाचवणं आणि पाटीवर नाव लावणं. टाटांच्या बाबतीत तरी मला हे अजिबात पटत नाही.

१९३१ साली दोराबजी टाटांच्या (जमशेटजींचा मुलगा) पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने त्याच आजाराच्या (ल्युकेमियाच्या) संशोधनासाठी ट्रस्ट काढला, आणि स्वतःची जवळपास सगळी मालमत्ता दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकली. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरासुद्धा त्यात गेला! त्याच वर्षी तेही वारले. त्या दुसऱ्या ट्रस्टने उभारलेलं परळचं टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय उघडलं १९४१ मध्ये. त्यांना ते बघायला मिळालं नाही.

मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. स्वतः उभारलेल्या संस्थेचा ताबा सोडायला किती जण तयार होतात?

शिवाय टाटा सन्सचे (टाटा समूहाची मुख्य कंपनी) सुमारे ६६ टक्के शेअर ट्रस्टांकडेच आहेत, त्यामुळे लाभांशाचा पैसा येत राहतो, एका देणगीवर विषय संपत नाही. जमशेटजींनी १८९२ मध्ये सुरू केलेली उच्च शिक्षणासाठीची कर्जाऊ शिष्यवृत्ती तर आजही मिळते.