आजेसासूबाईंचा चांदीचा ब्रोच: किती जुना, आणि किंमत कशी ठरवावी?

मृण्मयी
नमस्कार. माझ्या आजेसासूबाई खांद्यावर पदराला जो चांदीचा ब्रोच लावत, तो आता माझ्याकडे आला आहे. मागच्या बाजूस भिंगातून नांगर, चालता सिंह, एका स्त्रीचे मुख आणि एक इंग्रजी अक्षर असे बारीक शिक्के दिसतात. सराफांनी वजन केले, ते सव्वानऊ ग्रॅम भरले, आणि त्यांनी मोडीचा भाव सांगितला. माझे मन तयार होत नाही. ही वस्तू नेमकी काय आहे?

वसंत
कृपया मोडीत देऊ नका. नांगर ही बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाची खूण असून सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी. सर्वांत बोलका शिक्का मुखाचा आहे: कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मुख १७८४ पासून १८९० पर्यंतच उमटवले जात असे, त्यामुळे ते व्हिक्टोरिया राणीचे असल्यास ब्रोच त्यानंतरचा असू शकत नाही. अक्षरावरून वर्ष कळते, परंतु वर्णमाला फिरून फिरून येत असल्याने अक्षराचे वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकारही जुळवावा लागतो. टाचणी कशी आहे?

मृण्मयी
टाचणीचे टोक कडेबाहेर दोन मिलिमीटर येते आणि ते नुसत्या वाकवलेल्या आकड्यात अडकते. बिजागरीत जांभळ्या रेशमाचा एक धागा गुंतलेला आहे.

वसंत
झाकणीचा आकडा नसणे आणि टोक बाहेर येणे, दोन्ही त्या काळाशी जुळते.

अनघा
किमतीविषयी स्पष्ट सांगते. त्या काळी बर्मिंगहॅममध्ये असे ब्रोच ठशावर मोठ्या संख्येने घडवले जात, म्हणून फार मोठ्या रकमेची अपेक्षा ठेवू नये. तरीही वजनावरचा भाव ही त्याची किंमत नव्हे. शिक्के स्पष्ट असणे, टाचणी मूळची असणे आणि मागे नंतर लावलेला डाख नसणे, यांवर ती ठरते. विक्रेत्यांनी मागितलेले आकडे पाहू नका, लिलावात अशाच ब्रोचला प्रत्यक्षात मिळालेली रक्कम पाहा. पॉलिश तर मुळीच करू नका, कारण त्याने शिक्के झिजतात. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, म्हणून बाहेरच्या ग्राहकाला होकार देण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. आणि तो जांभळा धागा ओढून काढू नका. पातळ कोणते होते, हे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल.