नाताळातील मदतवाटपाची छायाचित्रे फेसबुकवर टाकावीत का?

प्रश्न – तरुण संघाचा सदस्य
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीचा तरुण संघ नाताळच्या आठवड्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर जाऊन ब्लँकेट आणि धान्य देतो. गेल्या वर्षीच्या एका छायाचित्रात ब्लँकेटचे एक टोक एका आजींच्या हातात आहे, दुसरे टोक आमच्यातल्या पाचजणांनी धरले आहे आणि आजी सोडून सगळे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. आपला प्रकाश लोकांपुढे पडावा आणि त्यांनी आपली सत्कर्मे पाहावीत असे बायबलमधील मत्तय 5:16 सांगते. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे येशूच्या त्याच डोंगरावरील प्रवचनात 6:3 सांगते. मग आम्ही कसे वागावे?

उत्तर – निवृत्त पाळक
ही वचने परस्परविरोधी नाहीत. 5:16 सत्कर्मांपाशी थांबत नाही, ती पाहून लोकांनी स्वर्गीय पित्याचे गौरव करावे इथपर्यंत जाते. आणि 6:1 मध्ये निषेध आहे तो लोकांनी पाहावे या हेतूचा. शिवाय 5:16 च्या आधी नम्र, दयाळू आणि शांती करणारे यांना धन्य म्हटले आहे, म्हणून तिथला प्रकाश म्हणजे केवळ दानधर्म नव्हे, तर सगळे आचरण. फेसबुकवर ते आचरण छायाचित्रापेक्षा त्याखालच्या प्रतिक्रियांत अधिक दिसते. कोणी आपल्या विश्वासाची टवाळी केली, तर 1 पेत्र 3:15 प्रमाणे सौम्यतेने उत्तर देणारा तरुण मला वाटपाच्या शंभर छायाचित्रांहून मोलाचा वाटतो.

उत्तर – एका मंडळीचे खजिनदार
पाळकसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, परंतु देणगीदारांना हिशेब द्यावाच लागतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना, कोणी दोष लावू नये म्हणून जे प्रभूपुढे आणि माणसांपुढेही योग्य ते करण्याची काळजी आपण घेतो, असे प्रेषित पौलाने लिहिले आहे (2 करिंथ 8:20-21). आम्ही दुकानाचे बिल, ब्लँकेटांची संख्या आणि टेम्पोत रचलेल्या गठ्ठ्यांचे छायाचित्र टाकतो. घेणाऱ्याचा चेहरा हिशेबाला लागत नाही.

उत्तर – एक शिक्षिका
मी लहानपणी अशाच एका रांगेत उभी होते आणि ते छायाचित्र पुढे माझ्या वर्गातल्या मुलींनी पाहिले, म्हणून आग्रहाने लिहिते. "आम्ही परवानगी घेतो" हे उत्तर पुरेसे नाही, कारण मदत हातात पडण्याआधी विचारले तर नाही म्हणण्याची सोयच उरत नाही. आधी वस्तू द्यावी, दोन शब्द बोलावेत, आणि छायाचित्र खरोखरच हवे असेल तर मग विचारावे. लहान मुलांची छायाचित्रे तर टाकूच नयेत. व्हॉट्सॲपवर गेलेले छायाचित्र दोन-तीन दिवसांनंतर सगळ्यांच्या फोनमधून पुसता येत नाही, पण फेसबुकवरचे आजींचे छायाचित्र तुम्हाला आजही काढता येईल.