प्रतिसाद: बेअरिंग बदलूनही कूलिंग टॉवरच्या पंपाचा आवाज जात नाही

भाऊ, बेअरिंग दोनदा बदलूनही आत गिट्टी फिरल्यासारखा आवाज येतोय म्हणता, आणि वरच्या प्रतिसादात कुणी नवा पंप घ्यायला सांगितलंय. एवढी घाई नको. हे कॅव्हिटेशन वाटतं, म्हणजे पंपात शिरताना दाब कमी पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि आत फुटतात.

पंप चालू असताना डिलिव्हरीचा (पाणी बाहेर जायच्या बाजूचा) व्हॉल्व्ह हळूहळू थोडा आवळा. आवाज कमी झाला तर गडबड सक्शनकडे, म्हणजे पाणी ओढायच्या बाजूला आहे. बेअरिंगच्या आवाजात अशाने फारसा फरक पडत नाही. मग आधी स्ट्रेनर (सक्शनवरची गाळणी) उघडा. नागपूरच्या मे महिन्यात टॉवरमधून पाणी भराभर उडतं, मागे क्षार राहतात, वरून धूळ, आणि जाळी बुजते. बेसिनची (टॉवरखालच्या टाकीची) पातळीही बघा; पाणी भरणारा फ्लोट अडकला की पाणी खाली जातं, भोवरा होतो आणि पंप हवा ओढतो. शिवाय पाणी जितकं गरम तितकी वाफ लवकर होते: २५ अंशांना बाष्पदाब (ज्या दाबाखाली गेलं की पाण्याची वाफ होते तो) साधारण ०.३ मीटर पाण्याच्या उंचीइतका, ४० अंशांना पाऊण मीटर. म्हणून हिवाळ्यात गप्प असलेला पंप उन्हाळ्यात ओरडतो.

सक्शनला कंपाउंड गेज (दाब आणि निर्वात दोन्ही दाखवणारा) नसेल तर बसवून घ्या. स्वस्त आहे, तरी कुणी लावत नाही. स्ट्रेनर साफ असतानाचं रीडिंग लिहून ठेवा, पुढे त्याच्याशी ताडता येईल.

आणि हो, ग्लँड पॅकिंगचा (शाफ्टभोवती दोरीसारखं पॅकिंग भरलेला) पंप असेल तर ठिबक पूर्ण बंद करायला नट आवळू नका, शाफ्टवरची स्लीव्ह (नळीसारखं आवरण) घासून जाईल. थेंब थेंब पडलंच पाहिजे. पॅकिंगऐवजी मेकॅनिकल सील असेल आणि तो ठिबकत असेल तर मात्र तो बदलायला झाला.