दशमांश देणारा प्रत्येक मॉर्मन चर्चच्या धोरणाला जबाबदार धरायचा का?

कोरा_कागद

युटामधल्या लीहाय, प्रोव्हो, सॉल्ट लेक सिटी या पट्ट्यात सॉफ्टवेअरच्या कामासाठी बरीच मराठी कुटुंबं राहतात. शेजारी मॉर्मन (ख्रिस्ती परंपरेतला एक पंथ), बॉस मॉर्मन, मुलांचे शिक्षकही मॉर्मन. माणसं मनमिळाऊ आणि मदतीला धावणारी. पण याच चर्चने 2008 मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाच्या विरोधात आपली माणसं आणि पैसा उतरवला. 2015 मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांनाही बाप्तिस्मा नाकारला. आणि प्रत्येक श्रद्धाळू मॉर्मन उत्पन्नाचा दहावा हिस्सा याच चर्चला देतो.

मग समोरच्या माणसाला यात किती धरायचं? "तो स्वतः चांगला आहे" एवढं म्हणून सोडून द्यायचं, की पैसे देतो म्हणजे सामील आहे असं मानायचं? भावनेपेक्षा चर्चचा कारभार कसा चालतो ते माहीत असलेल्यांनी सांगावं.

---

तळटीप

आधी कारभार, कारण बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो. बाहेरचा माणूस चर्चकडे राजकीय पक्षासारखं पाहतो: सभासद वर्गणी देतात, नेता निवडतात, म्हणून धोरणाला तेच जबाबदार. इथे निवडणूकच नाही. वर तीन जणांचं अध्यक्षमंडळ आणि त्याखाली बारा प्रेषित, असे पंधरा पुरुष सगळं ठरवतात. अध्यक्ष वारला की सर्वांत जुना प्रेषित त्या जागी येतो. सप्टेंबर 2025 मध्ये रसेल नेल्सन गेले आणि ऑक्टोबरमध्ये डॅलिन ओक्स आले, ते याच क्रमाने. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या अधिवेशनांत सभासद उजवा हात वर करतात. त्याला मतदान समजू नका, ती फक्त संमती दाखवण्याची पद्धत आहे.

वॉर्ड, म्हणजे स्थानिक मंडळी, पत्त्यावरून ठरते. बिशप, म्हणजे वॉर्डाचा प्रमुख, पटत नाही म्हणून शेजारच्या वॉर्डात नाव घालता येत नाही. बिशप पगारी पाद्री नसतो. तो गल्लीतलाच कुणी दंतवैद्य नाहीतर हिशेबनीस असतो, साधारण पाच वर्षं हे काम फुकट करतो. समलिंगी मुलाने येऊन मन मोकळं केलं तर पुढे काय होईल हे बरंचसं त्या एका माणसावर असतं. यालाच आतली मंडळी "बिशप रूलेट" म्हणतात, म्हणजे कसा बिशप वाट्याला येईल हा नशिबाचा जुगार. म्हणून "मॉर्मन समलिंगींशी कसे वागतात" याचं एक उत्तर नाही, वॉर्डागणिक ते बदलतं.

आता दशमांश. टेम्पलमध्ये, म्हणजे खास विधींच्या मंदिरात, जायला शिफारसपत्र लागतं, ते दोन वर्षं चालतं, आणि दर वेळी दोन मुलाखती होतात: एक बिशपकडे, दुसरी त्याच्या वरच्या स्टेकच्या (अनेक वॉर्डांच्या गटाच्या) अध्यक्षमंडळातल्या कुणाकडे. दशमांश पूर्ण देता का, हा त्यातला ठरलेला प्रश्न. चर्चच्या शिकवणीविरुद्ध कशाला पाठिंबा देता का, हाही असतो. शिफारसपत्र गेलं तर पोटच्या मुलीचं लग्न टेम्पलमध्ये लागत असताना आईबापांना बाहेर बसावं लागतं. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात 2022 पासून नव्या नोकरदारांना शिफारसपत्र बाळगणं सक्तीचं आहे, म्हणजे तिथे पगारच त्यावर टांगलेला. दशमांश देणाऱ्याची मान्यता असू शकते, तशीच ही भीतीही असू शकते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

---

दर्यावर्दी

2008 चं जरा नीट पाहू. "पैसे दिले" या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी मिसळतात.

कॅलिफोर्नियातला प्रस्ताव 8, म्हणजे समलिंगी विवाहावर बंदी घालणारा, मतदारांसमोर ठेवलेला प्रस्ताव. जून 2008 मध्ये अध्यक्षमंडळाचं पत्र तिथल्या वॉर्डांत वाचून दाखवलं गेलं: तुमचा वेळ आणि पैसा द्या. दोन्ही बाजूंनी मिळून 8 कोटी डॉलरच्या वर निधी जमला. 4 नोव्हेंबरला प्रस्ताव सुमारे 52 टक्क्यांनी मंजूर झाला आणि 2013 मध्ये न्यायालयीन लढाई संपून तो निकालात निघाला. संस्था म्हणून चर्चने स्वतःच्या नावावर दाखवलेला खर्च 1,90,000 डॉलरच्या आसपास होता, तोही मुख्यतः कर्मचाऱ्यांचा वेळ आणि प्रवास. त्यातला काही भाग वेळेत जाहीर न केल्याबद्दल 2010 मध्ये साडेपाच हजार डॉलरच्या घरात दंडही झाला. खरा पैसा सभासदांनी आपापल्या खिशातून दिला, दशमांशाहून वेगळा.

तर दशमांश ही एक गोष्ट, पत्र आल्यावर वैयक्तिक देणगी ही दुसरी, आणि शनिवारी दारोदार फिरून प्रचार ही तिसरी. दुसरी आणि तिसरी त्या माणसाची स्वतःची कृती. तिच्याबद्दल त्याला जाब विचारणं रास्तच आहे.

कॅलिफोर्नियात 100 डॉलर किंवा अधिक देणाऱ्याचं नाव, व्यवसाय आणि तो कुठे नोकरी करतो ते जाहीर होतं. 2008 नंतर लोकांनी या याद्या चाळल्या. सॅक्रामेंटोतल्या एका संगीत-नाट्यसंस्थेच्या कलादिग्दर्शकाला 1,000 डॉलरच्या देणगीमुळे राजीनामा द्यावा लागला. तुम्ही अशी यादी उघडलीत तर चुका होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. यादीत धर्म लिहिलेला नसतो. आडनाव नाहीतर युटाचा पत्ता पाहून लोक मॉर्मन ठरवत होते. आपल्याकडे आडनावावरून जात काढतात, तोच प्रकार. एकाच नावाची दोन-तीन माणसं सहज निघतात, म्हणून शहर आणि व्यवसाय जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. देणगी कोणत्या समितीला गेली ते वाचा, कारण विरोधी समितीला देणारे मॉर्मनही होते. आणि यादीत नाव नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही: 99 डॉलर दिले असतील, किंवा पैसे न देता तीन महिने फोन फिरवले असतील.

राजकारण्यांवरून ताडून पाहा. 2022 मध्ये समलिंगी विवाहाला केंद्रीय कायद्याचं संरक्षण देणारं विधेयक सिनेटमध्ये आलं. युटाचे दोन्ही सिनेटर मॉर्मन, दोघेही रिपब्लिकन. मिट रॉमनी बाजूने, माइक ली विरोधात. चर्चने शिकवण तीच ठेवून त्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. म्हणजे त्या दिवशी चर्चच्या भूमिकेवरून माइक लींचं मत ओळखायला गेलात तर फसला असतात.

---

सांजवात

वरचं सगळं बरोबर आहे, तरी मला त्यात एक गोष्ट सुटलेली दिसते. मापाच्या एका पारड्यात मॉर्मन शेजाऱ्याची अडचण ठेवली आहे, दुसऱ्यात समलिंगी माणसाचं काय गेलं ते ठेवलेलंच नाही.

नोव्हेंबर 2015 चं धोरण घ्या. समलिंगी विवाह केला तर तो धर्मत्याग. अशा घरातल्या मुलाला आठव्या वर्षी बाकीच्यांसारखा बाप्तिस्मा नाही. 18 पूर्ण झाल्यावर, आईबापांच्या घरात राहणं सोडून आणि समलिंगी संबंधांना नाकारल्यावरच. एप्रिल 2019 मध्ये ते मागे घेतलं. साडेतीन वर्षांत किती घरं आतून उसवली याची भरपाई मागे घेण्याने होत नाही. आजही नियम असा: आकर्षण पाप नाही, पण जोडीदारासोबत जगणं हे पाप, आणि त्यावर सदस्यत्वाची चौकशी बसू शकते. ऑगस्ट 2024 मध्ये लिंगबदल केलेल्यांवरचे निर्बंध आणखी कडक केले.

म्हणून दशमांशाला शून्य किंमत देणं मला मान्य नाही. नोकरी टांगलेल्या प्राध्यापकाचा आणि ज्याचं काहीच अडलेलं नाही अशा सधन वकिलाचा दशमांश मी एका मापाने मोजणार नाही, पण दोन्ही मोजीन. पंधरा जणांना कुणी निवडलं नसलं तरी त्यांना बळ कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मात्र चर्चमध्ये राहणारा प्रत्येक जण त्या धोरणासोबत आहे असं मानलंत तर सगळ्यात आधी समलिंगी मॉर्मनच भरडले जातात. त्यांची "अफर्मेशन" ही संघटना 1977 पासून आहे. 2012 च्या सॉल्ट लेकमधल्या प्राइड मिरवणुकीत शेकडो मॉर्मन रविवारच्या कपड्यांत चालले. "मामा ड्रॅगन्स" हे तर मॉर्मन आयांनी आपल्या मुलांसाठी उभं केलेलं जाळं. यातल्या कितीतरी जणी दशमांश देत होत्या, वॉर्डात वर्ग घेत होत्या. त्या आत होत्या म्हणून पंधरा वर्षांचा एखादा मुलगा घरातून हाकलला गेला नाही.

ओळखायचं कसं, तर मतं विचारू नका. "समलिंगी विवाहाबद्दल काय वाटतं?" या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं. वागणूक पाहा. सहकाऱ्याच्या नवऱ्याचा उल्लेख "नवरा" असा करतो की "मित्र"? घरच्या जेवणाला बाकीच्यांना जोडीने बोलावतो, त्या दोघांना बोलावतो का? वॉर्डात अधिकाराचं पद असेल, तर आलेल्या मुलाला त्याने घरच्यांसमोर उघडं पाडलं का? स्वतःचं मूल समलिंगी निघालेल्या घराशी तो संबंध ठेवून आहे का? एवढ्यावर माझं मत बनतं, आणि ते कडक असू शकतं.

---

कोरा_कागद

मोजण्याचं पटलं. एक व्यवहारातला प्रश्न राहिला. नोकरीची मुलाखत घेणाऱ्यांत बसायचं असेल, किंवा तळघरातली खोली भाड्याने द्यायची असेल, तर यातलं काही मनात धरता येतं का?

---

तळटीप

मुलाखतीत अजिबात नाही. 15 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण लागू होतं, आणि धर्मावरून नकार देता येत नाही. त्याच प्रकरणाखाली 2020 पासून समलिंगींनाही संरक्षण आहे. अर्जात वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षांची पोकळी आणि सोबत अस्खलित पोर्तुगीज दिसलं, तर तो बहुधा मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराच्या कामावर, होता. त्यावर प्रश्न विचारू नका. भाषा कामाची असेल तर फक्त भाषेबद्दल विचारा. "समलिंगी सहकाऱ्यासोबत काम कराल का?" हा प्रश्न एकट्या मॉर्मन उमेदवाराला विचारलात तर तोच भेदभावाचा पुरावा होतो. सर्वांना एकच प्रश्न हवा, आणि तो घडलेल्या वागणुकीबद्दल: तुमच्याहून वेगळं जगणाऱ्या माणसासोबत काम करताना मतभेद झाला तेव्हा काय केलंत?

नोकरीवर घेतल्यावर त्याने सहकाऱ्याला त्रास दिला तर तारीख, शब्द, हजर असलेली माणसं लिहून मनुष्यबळ विभागाला द्या. तक्रारीत "मॉर्मन" हा शब्द येऊ देऊ नका. आला की कृतीवरची तक्रार धर्मावरची होते आणि तिथेच अडकते.

खोलीचं थोडं वेगळं आहे. मालक स्वतः राहतो अशा छोट्या घराला केंद्रीय कायद्यात काही सूट आहे, पण जाहिरातीला ती सूट नाही. "मॉर्मन नकोत" किंवा "फक्त मॉर्मन" असं छापणं चालत नाही. युटाने 2015 मध्ये चर्चच्या पाठिंब्याने नोकरी आणि घरभाडं या दोन बाबतींत समलिंगींना संरक्षण दिलं. धार्मिक संस्था मात्र त्यातून वगळल्या आहेत, दुकानं-हॉटेलं त्यात घेतलेलीच नाहीत. युटातल्या मॉर्मन मालकाने समलिंगी भाडेकरूला नाकारलं तर आधी इमारतीत किती घरं आहेत ते मोजा, काही छोट्या इमारतींना राज्याचा तो कायदा लागू होत नाही.

---

सांजवात

एक सावधगिरी, कारण मदत करायला जाऊन नुकसान होतं ते इथेच. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला दर वर्षी बिशपकडून वर्तनाचा दाखला आणावा लागतो. तो काढून घेतला तर शिक्षण अडकतं. फेब्रुवारी 2020 मध्ये आचारसंहितेतला समलिंगी वर्तनाचा परिच्छेद निघाला तेव्हा मुलांना वाटलं मोकळीक मिळाली. काहींनी उघडपणे सांगूनही टाकलं. 4 मार्चला खुलासा आला की समलिंगी जोडप्यांची जवळीक चालणार नाही. तेव्हा तिथल्या एखाद्या मुलाने विश्वासाने काही सांगितलं, तर दिवाळीच्या कार्यक्रमातला त्याचा आणि त्याच्या मित्राचा फोटो मराठी मंडळाच्या पानावर टाकण्याआधी त्याला विचारा. नावाने टॅग तर करूच नका.