पाककृती, रेसिपी, नुस्खा की योग? चहाच्या कोरड्या मिश्रणाला काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेत 'रशियन टी' नावाचं एक पेय अनेक घरांत करतात. इन्स्टंट चहाची पूड, साखर, संत्र्याच्या स्वादाची सरबताची पूड, दालचिनी आणि लवंगेची पूड असं सगळं कोरडंच एकत्र करून बरणीत भरायचं आणि हवं तेव्हा दोन चमचे गरम पाण्यात ढवळायचे. हे मराठीत लिहायला बसले आणि शीर्षकालाच अडले. 'पाककृती' म्हणू का? 'पाक' हा 'पच्' धातूवरून आलेला, म्हणजे त्यात शिजवणं आलं. इथे तर काहीच शिजत नाही. मग काय लिहावं?

उत्तर : सरळ 'रेसिपी' लिहा. तो शब्द आता परका राहिलेला नाही, आणि त्याचा मूळ अर्थ तुमच्या मिश्रणाला चांगला लागू पडतो. लॅटिनमध्ये 'रेकिपे' म्हणजे 'घे'. वैद्य चिठ्ठीच्या सुरुवातीला औषध करणाऱ्याला आज्ञा द्यायचे : अमुक घे, तमुक घे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची '℞' ही खूण त्याच शब्दाचा संक्षेप आहे. इंग्रजीतही हा शब्द आधी औषधाचा होता, स्वयंपाकात तो अठराव्या शतकात आला. त्यापूर्वी पदार्थाच्या कृतीला 'रिसीट' म्हणत, तोही त्याच धातूचा. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण आपणही कृती लिहिताना पहिलं वाक्य 'एक वाटी साखर घ्यावी' असंच लिहितो.

दुसरं उत्तर : मग 'नुस्खा' का नको? अरबीत 'नुस्खा' म्हणजे उतरवून घेतलेली प्रत. त्यावरून वैद्याची चिठ्ठी आणि पुढे कोणताही घरगुती उपाय असा अर्थ सरकत गेला. म्हणजे लिहून ठेवणं हे या शब्दाच्या पोटातच आहे. आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या लिखित पाककृतींपैकी काही मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकच्या भागातल्या) मातीच्या पाट्यांवर आहेत, इ.स.पू. १७०० च्या सुमाराच्या. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात असलेल्या त्या पाट्यांपैकी एकीवर २५ रस्से आहेत, पण बहुतेक ठिकाणी नुसती घटकांची नावं. प्रमाण नाही, वेळ नाही. ज्याला करता येतं त्याच्यासाठीच ते लिहिलेलं होतं. घटक आणि त्यांची मापं वेगळी काढून द्यायची पद्धत इंग्रज पाककला-लेखिका एलायझा ॲक्टन यांनी १८४५ च्या पुस्तकात रुळवली, आणि सपाट भरलेल्या चमच्याचा आग्रह अमेरिकन पाककला-लेखिका फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये धरला.

मिश्रणाला मात्र मी 'योग' म्हणेन. आयुर्वेदात ठरावीक द्रव्यं ठरावीक प्रमाणात एकत्र आणण्याला हाच शब्द आहे.

पहिल्या उत्तरात भर : 'योग' शब्द सुंदर आहे, पण आजचा वाचक आसनं समजेल. 'नुस्खा'ला अजून औषधाचा वास आहे.

एक सूचना मात्र जरूर करतो. 'इन्स्टंट'साठी 'झटपट' लिहू नका. झटपट चहा म्हणजे घाईघाईत केलेला चहा. इन्स्टंट चहात पानांचा अर्क आधीच काढून, आटवून, वाळवून पूड केलेली असते. म्हणून ती पाण्यात पूर्ण विरघळते. 'विरघळणारा चहा' म्हणा. दालचिनी-लवंगेची पूड विरघळत नाही, ती तळाशी बसते. म्हणून 'ढवळत प्यावं' हे कृतीत लिहायलाच हवं.

आणि 'चमचा' एवढंच लिहून सोडू नका. 'टीस्पून' हे माप चहाच्या चमच्यावरूनच आलं. जुना चमचा लहान होता, औषधाच्या एका द्रव ड्रामइतका, म्हणजे साधारण साडेतीन मिलिलिटर. आजचा ५ मिलिलिटरचा. लवंगेच्या बाबतीत एवढ्या फरकाने चव बिघडते.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. शीर्षक ठरवलं : 'विरघळणाऱ्या चहाचं मसालेदार मिश्रण', आणि खाली नुसतं 'कृती'. मापं मिलिलिटरमध्ये देते.