मदत हवी आहे: वार गर्भाशयात रुतलीय, गर्भाशय वाचवलेल्यांचे अनुभव सांगा

बायकोला तिसावा आठवडा चालू आहे. आधीचं एक सिझेरियन. वार (प्लासेंटा, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा भाग) खाली, गर्भाशयाच्या तोंडावर आहे आणि जुन्या टाक्यांच्या जागी स्नायूत रुतलीय. सोनोग्राफीत शंका आली, एमआरआयमध्येही तेच दिसलं (प्लासेंटा इन्क्रिटा). मूत्राशयापर्यंत गेलेली नाही, रक्तस्राव अजून नाही, हिमोग्लोबिन ११.

डॉक्टर म्हणतात, ३५व्या आठवड्यात सिझेरियन आणि त्याच वेळी गर्भाशय काढायचं. रूढ उपाय तोच, हे माहीत आहे; त्यामुळे 'काढूनच टाका' एवढंच कृपया लिहू नका. तिला अजून एक मूल हवंय.

दुसरं मत घेतलं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या: चिकटलेला तेवढा भाग कापून गर्भाशय शिवणं, किंवा नाळ कापून वार आतच ठेवणं आणि ती आपोआप विरघळायची वाट बघणं. मेथोट्रेक्सेट (वार लवकर विरघळावी म्हणून कधी कधी देतात ते औषध) देणार नाही म्हणाले, फायद्यापेक्षा धोका जास्त. दुसऱ्या वाटेत जंतुसंसर्ग आणि उशिरा होणारा रक्तस्राव, हीच खरी धास्ती. रक्तपेढी, आयसीयू, रक्तवाहिनी बंद करणारे रेडिओलॉजिस्ट तिथेच आहेत.

वार आत ठेवलेल्यांनी सांगावं: ती पूर्ण जायला किती महिने लागले, मधेच तातडीने गर्भाशय काढावं लागलं का, आणि पुढच्या खेपेला वार पुन्हा चिकटली का?